कोल्हापुरातील चित्रनोंदीची माध्यमे : फिल्मपासून मेमरी कार्डापर्यंत

कलापूर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोल्हापूरच्या चित्रपटेतिहासात कॅमेऱ्याला मानाचे स्थान आहे. बाबूराव पेंटर (१८९०-१९५४) यांनी येथेच कॅमेरा घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या 'सैरंध्री' (१९२०) या चित्रपटाने नाव मिळवले, हे सर्वश्रुत आहे. ज्या फितीवर ते चित्र उमटले तिच्याविषयी मात्र क्वचितच लिहिले जाते. प्रस्तुत लेखात चित्र साठवणाऱ्या माध्यमाच्या निवडीचा विचार, विशेषतः जुन्या कागदपत्रांची छायाचित्रे घेणाऱ्या अभ्यासकाच्या दृष्टीने, केला आहे.

कॅमेरा कोल्हापूरचा असला तरी कोरी फिल्म परदेशातून येई. ती नायट्रेटची, म्हणजे चटकन पेट घेणारी आणि उष्ण-दमट हवेत विघटन पावणारी असे. निवडीला वावच नव्हता. 'सैरंध्री' व 'सावकारी पाश' (१९२५) हे चित्रपट आज पाहावयास मिळत नाहीत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोवर बहुतेक मूकपटांच्या प्रती नष्ट झाल्या होत्या.

डिजिटल कॅमेऱ्याने फिल्मची जागा घेतली तेव्हा निवडीचा प्रश्न नव्याने उभा राहिला. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली. तिच्या आधारे १९९४ मध्ये कॉम्पॅक्टफ्लॅश आणि १९९९ मध्ये एसडी कार्ड जाहीर झाले. एका कंपनीचे कार्ड दुसरीच्या कॅमेऱ्यात बसेलच असे नसे. पुढे २००६ मध्ये एसडीएचसी हा ३२ जीबीपर्यंतचा प्रकार आला. तो दिसावयास तंतोतंत जुन्यासारखा, पण त्यापूर्वीच्या अनेक कॅमेऱ्यांना वाचता येत नसे. त्यामुळे कार्ड घेण्यापूर्वी कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका पाहणे अगत्याचे ठरले.

कार्डावर वर्तुळात छापलेला ४, ६ किंवा १० हा आकडा लेखनाचा किमान वेग, म्हणजे सेकंदाला तितके मेगाबाइट, दर्शवतो. चलच्चित्रणाला त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. मोडी कागदाचे एकेक पान सावकाश टिपणाऱ्याने मात्र त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. त्याने पाहावयाचा तो अस्सलपणा. बनावट कार्डाच्या नियंत्रक चिपमध्ये खोटी क्षमता नोंदवलेली असते. कॅमेरा तिच्यावर विश्वास ठेवतो, छायाचित्रांची नावे उमटत राहतात, मजकूर कोठेच साठत नाही. नवे कार्ड एकदा संपूर्ण भरून, त्यातील फाइली संगणकावर उघडून पाहिल्याखेरीज हा प्रकार कळत नाही. एकाच मोठ्या कार्डाऐवजी दोन-तीन लहान कार्डे वापरावीत, हेही याच कारणाने. शिवाय कार्डातील नोंद हा सूक्ष्म पेशींत कोंडलेला विद्युतभार असतो आणि तो वर्षानुवर्षांत झिरपून जातो. कार्ड हे वाहनासारखे वापरावे, कपाटासारखे नव्हे.

या विषयाकडे प्रस्तुत लेखक वळला तो एका नुकसानीमुळे. २००८ साली शिरोळ तालुक्यातील एका घराण्याच्या मोडी दप्तराची सुमारे नऊशे छायाचित्रे त्याने घेतली. कार्डावर ८ जीबी छापले होते आणि किंमत आश्चर्य वाटावे इतकी कमी होती. (आश्चर्य वाटले होते, चौकशी केली नाही.) प्रत्यक्षात पहिली सहाशेच उघडली. दप्तर सुरक्षित आहे, पुन्हा जाता येईल, या समजुतीने पुढची अकरा वर्षे गेली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ते घर कित्येक दिवस पाण्यात होते. पाणी ओसरल्यावर रुमाल सोडले, तेव्हा आत कागदाचा लगदा होता. न उघडलेल्या तीनशे पानांवर कोणत्या सालचा व्यवहार होता, हेही आता सांगता येत नाही.