सांस्कृतिक मानवशास्त्र व परराष्ट्र धोरण : वर्ध्याचा संदर्भ

समाजातील नातेसंबंध, श्रद्धा, विधी आणि भाषाव्यवहार यांचा, त्या समाजात दीर्घकाळ राहून व त्याच्या रोजच्या जगण्यात भाग घेऊन, म्हणजे सहभागी निरीक्षणाने अभ्यास करणाऱ्या शास्त्राला सांस्कृतिक मानवशास्त्र म्हणतात. परक्या देशातील लोक स्वतःला कोण समजतात, हे दूतावासांच्या अहवालांतून क्वचितच कळते. परराष्ट्र धोरण आखताना या शास्त्राची खरी गरज तेथे भासते. दुसऱ्या महायुद्धात रूथ बेनेडिक्ट यांनी अमेरिकी शासनासाठी जपानी संस्कृतीचा अभ्यास केला. भारतात ईशान्य सीमांत प्रदेशाचा कारभार परराष्ट्र मंत्रालयाकडे असताना, १९५४ पासून, व्हेरिअर एल्विन तेथे मानवशास्त्रीय सल्लागार होते.

वर्धा जिल्ह्याचा या विषयाशी संबंध भाषेच्या वाटेने आला. १९३६ साली वर्ध्यात स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या पुढाकाराने जानेवारी १९७५ मध्ये नागपूर येथे पहिले विश्व हिंदी संमेलन भरले. मॉरिशसचे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम त्याचे प्रमुख पाहुणे होते, आणि वर्ध्यात आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ असावे, अशी मागणी तेथेच पुढे आली. दुसरे संमेलन १९७६ मध्ये मॉरिशसमध्ये झाले. पुढे या संमेलनांच्या आयोजनाची सूत्रे परराष्ट्र मंत्रालयाकडे आली. महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय १९९७ मध्ये अस्तित्वात आले असून हिंदीबरोबरच मानवशास्त्र आणि डायस्पोरा, म्हणजे मायदेशाबाहेर वसलेले समाज, हेही तेथील अभ्यासविषय आहेत.

हे विषय एकाच आवारात असणे मोलाचे का, हे मॉरिशसकडे पाहिल्यावर उमगते. १८३४ पासून करारावर गेलेल्या मजुरांचे, म्हणजे गिरमिटियांचे, वंशज तेथे बहुसंख्य आहेत. परंतु बाजारात व घरात प्रामुख्याने क्रिओल बोलली जाते, जुन्या पिढीच्या ओठी भोजपुरी आहे, आणि हिंदी मुख्यतः मंदिरांत व 'बैठका' नावाच्या गावशाळांत पूर्वजांची भाषा म्हणून जपली जाते. भाषामानवशास्त्रज्ञ पॅट्रिक आयसेनलोर यांनी २००६ मधील आपल्या ग्रंथात या पूर्वजभाषेच्या कल्पनेची चिकित्सा केली आहे. तेथील तमिळ, तेलुगू व मराठी समाज आपापली ओळख वेगळी राखतात. मराठी कुटुंबांच्या गणेशोत्सवामुळे रुजलेली गणेश चतुर्थी तर तेथे सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. म्हणून भारतीय वंशाच्या सर्वांना एकच हिंदी समाज मानणारे धोरण ज्यांना जवळ आणू पाहते, त्यांतल्याच अनेकांना दुरावते. फिजीतील फिजी हिंदी आणि सुरिनाममधील सरनामी या बोलीही प्रमाण हिंदीहून भिन्न असून त्यांना अशुद्ध ठरविणे हा त्या भाषकांच्या इतिहासाचाच अवमान होय. हिंदीच्या प्रसारकांनी हे भान ठेवायला हवे, आणि ते केवळ व्याकरणाच्या अभ्यासातून येत नाही.

या उपयोगाला नैतिक मर्यादाही आहे. लोकांनी विश्वासाने सांगितलेली माहिती त्यांच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. संशोधनाच्या आडून हेरगिरी करणाऱ्या मानवशास्त्रज्ञांचा फ्रान्झ बोआस यांनी १९१९ मध्येच जाहीर निषेध केला होता, तर इराक व अफगाणिस्तानातील सैन्यतुकड्यांसोबत समाजशास्त्रज्ञ पाठविण्याच्या योजनेला अमेरिकन मानवशास्त्र संघटनेच्या कार्यकारी मंडळाने २००७ मध्ये असहमती नोंदविली.