सगजाबाद : ताती भाषकांचे एक गाव आणि त्याची मोजदाद

इराणच्या कझवीन प्रांतात, बुईन जहराच्या मैदानात सगजाबाद हे छोटे शहर आहे. वस्ती काही हजारांची. त्याला लागूनच इब्राहिमाबाद हे गाव आहे. भोवतालच्या अनेक गावांतून तुर्की बोलली जाते, शाळा-कचेरीत फारसी चालते. आणि या दोन गावांची घरची बोली मात्र ताती.

‘तात’ हे नाव या लोकांनी स्वतः घेतलेले नाही. स्थायिक, इराणी भाषा बोलणाऱ्या प्रजेला तुर्क लोक ‘तात’ म्हणत. अकराव्या शतकात महमूद अल्-काशगरी याने आपल्या तुर्की कोशात हा शब्द नोंदला आहे. दुसऱ्याने ठेवलेले नाव असल्याने घोटाळाही झाला. कॉकेशसमधील तातही याच नावाने ओळखले जातात, पण त्यांची भाषा फारसीच्या जवळची, नैऋत्य इराणी शाखेतली आहे. सगजाबादची ताती वायव्य शाखेतली असून तिचे नाते तालिशी आणि अझरबैजानच्या जुन्या ‘आझरी’ भाषेशी आहे. तुर्कीचा प्रसार होण्यापूर्वी अझरबैजानात एक इराणी भाषाच चालत होती, हे अहमद कसरवी यांनी 1920च्या दशकात एका छोट्या पुस्तिकेत मांडले. त्या भाषेच्या वंशातल्या, आजही कानी पडणाऱ्या बोलींत तातीची गणना होते.

गावाजवळ जागेह, कब्रिस्तान आणि सगजाबाद अशी तीन प्राचीन टेकाडे आहेत. 1970 साली इज्जतुल्लाह नेगहबान यांच्या मार्गदर्शनाखाली तेहरान विद्यापीठाने तेथे उत्खनन सुरू केले. कब्रिस्तान टेकाडात तांबे गाळण्याचा प्रागैतिहासिक कारखाना सापडला. स्थानिक अभिमानापोटी ही टेकाडे आणि ताती यांची सांगड घालण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. इराणी भाषा या पठारावर त्यानंतर फार उशिरा आल्या.

सगजाबाद वाचकांच्या नजरेस आले ते जलाल आले-अहमद यांच्यामुळे. 1958 साली त्यांचा ‘तात-नशीनहा-ए-बुलूक-ए-जहरा’ हा ग्रंथ निघाला. सगजाबाद आणि इब्राहिमाबाद हाच त्याचा विषय. आले-अहमद पेशाने शिक्षक. त्यांची ‘मुदीर-ए-मदरसा’ ही कादंबरीही त्याच साली आली. गावाची शेती, पाणी, चालीरीती, बोली यांची त्यांनी नोंद केली. चारच वर्षांनी त्या नोंदीला वेगळे मोल आले. 1 सप्टेंबर 1962 च्या रात्री बुईन जहरा भागात मोठा भूकंप झाला. बारा हजारांहून अधिक माणसे दगावली. कच्च्या विटांची घरे आणि त्यांवरची जड छपरे हे त्याचे मुख्य कारण. प्रसिद्ध पहिलवान गुलामरजा तख्ती यांनी तेहरानच्या रस्त्यांवर फिरून मदत गोळा केली, ही आठवण इराणात अजून सांगितली जाते.

भाषेचा कसून अभ्यास केला तो एहसान यारशातिर यांनी. दक्षिण ताती बोलींचे त्यांचे इंग्रजी व्याकरण 1969 मध्ये छापले गेले. त्यात सगजाबादीही आहे. मराठी शिकवणाऱ्याला ते ओळखीचे वाटेल. फारसीत व्याकरणिक लिंग नाही. या बोलींत पुल्लिंग आणि स्त्रीलिंग असा भेद आहे, आणि स्त्रीलिंगी नामाच्या शेवटी बहुधा आघातहीन ‘अ’ येतो. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्ता सामान्यरूपात जातो. मराठीत ‘त्याने भाकरी खाल्ली’, ‘त्याने भात खाल्ला’ असे म्हणतो, त्याच जातीची ही रचना. उर्दूत ‘ने’ आहेच, दखनीत मात्र तो बहुधा गळतो. आपल्याकडे फारसीची ओळख झाली ती दरबारी कागद, शायरी आणि माधवराव पटवर्धनांच्या 1925 च्या फारसी-मराठी कोशातून. त्यामुळे सगळ्या इराणी भाषा फारसीसारख्याच, हा समज आपल्याकडे सहज रुजतो.

ताती बोलणारे किती, हा प्रश्न मात्र अवघड आहे. इराणात 1956 पासून राष्ट्रीय जनगणना होते. तिच्यावरून सगजाबादची माणसे आणि कुटुंबे समजतात, मातृभाषा समजत नाही. भारतीय जनगणनेत मातृभाषेचा रकाना असल्याने बेळगाव किंवा इंदूरचा मराठी भाषक निदान आकड्यात तरी दिसतो. सगजाबादचा तात आकड्यातही दिसत नाही. मूल घरी आईशी कोणत्या भाषेत बोलते, हे कोणत्याच तक्त्यात नाही.

1979 च्या इराणी राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने फारसीबरोबर प्रादेशिक भाषांचे साहित्य शाळेत शिकवण्यास मुभा दिली. पण हे कलम साहित्य गृहीत धरते. तातीचा ठेवा मुख्यतः तोंडी आहे : म्हणी, गाणी, कथा. तिच्याविषयीचे दोन मोठे ग्रंथ आहेत, त्यांपैकी एक फारसीत आहे आणि दुसरा इंग्रजीत.