चमचा, मेणबत्ती आणि अल्ब्युमिन

लघवीतली साखर माणसाला फार लवकर कळली. मधुमेह्याच्या मूत्राला मुंग्या लागतात, ही नोंद चरकसंहितेत आहे. १६७४ साली थॉमस विलिसने इंग्लंडमध्ये अशी लघवी चाखून ती मधासारखी गोड असल्याचे लिहिले. १७७६ मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने लघवी आटवून खाली उरलेली साखरच दाखवली. त्याच लघवीतून मूत्रपिंडाच्या दुखण्याचीही खबर लागते, हे मात्र अगदी वेगळ्या वाटेने उमगले, आणि या दोन वाटा एकत्र यायला विसावे शतक उजाडावे लागले.

ती दुसरी वाट लायडनमधून निघते. तिथल्या फ्रेडरिक डेकर्सने सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले की, काही रुग्णांची लघवी तापवून तिच्यात आम्ल घातले की ती गढूळ होते. पुढे नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो याने अंगभर सूज आलेल्या एका २८ वर्षांच्या सैनिकाची लघवी तापवली, तर तिच्यात अंड्याच्या पांढऱ्यासारखा गोळा जमला. दोन्ही नोंदी पुस्तकात राहिल्या. त्यांवरून कुणी मूत्रपिंडाकडे बोट दाखवले नाही.

ते काम लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइटने केले. सूज आलेले रुग्ण जिवंत असताना तो त्यांची लघवी तपासत असे आणि ते दगावल्यावर शवविच्छेदनाला स्वतः उभा राहत असे. लघवीत प्रथिन आणि पोटात खराब झालेली मूत्रपिंडे, ही जोडी त्याला पुन्हा पुन्हा दिसली. १८२७ साली त्याने ती सचित्र ग्रंथात मांडली. त्याचे उपकरण काय, तर एक चमचा आणि एक मेणबत्ती! चमचाभर लघवी ज्योतीवर धरायची. ती दुधाळ झाली की तिच्यात अल्ब्युमिन हे प्रथिन आहे असे समजायचे. १८४२ मध्ये गाईजने अशा रुग्णांसाठी ४२ खाटांचे दोन वॉर्ड आणि शेजारी प्रयोगशाळा ब्राइटच्या हवाली केली. लघवी तापवून अॅसिटिक आम्लाचे थेंब टाकण्याची परीक्षा आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांतही विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी केली. तिचे कूळ हेच.

मधुमेह्यांची मूत्रपिंडे तेव्हा फारशी चर्चेत नव्हती, याचे कारण क्रूर आहे. मूत्रपिंड निकामी होण्याइतकी वर्षे त्यांना मिळतच नसत. १९२२ मध्ये टोरांटोत पहिले इन्सुलिन टोचले गेले, आणि जी मुले महिन्यांत दगावत ती दशके जगू लागली. मग दुसरे संकट दिसू लागले. १९३६ साली पॉल किमेलस्टील आणि क्लिफर्ड विल्सन यांनी मूत्रपिंडाच्या सूक्ष्म गाळण्यांमध्ये जमलेल्या विशिष्ट गाठींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या बहुतेक रुग्णांना मधुमेह होता. पण हे निदान सूक्ष्मदर्शकाखाली, मृत्यूनंतरचे. जिवंत रुग्णाच्या हाती चमचा-मेणबत्तीची सुधारलेली आवृत्ती तेवढी आली: १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या एम्स कंपनीने लघवीत बुडवायच्या कागदी पट्ट्या बाजारात आणल्या. प्रथिन असले की पट्टीचा पिवळा रंग हिरवा होई.

सोय मोठी होती, पण पट्टीची नजर जाड होती. ती हिरवी होते तेव्हा प्रथिनाची गळती बरीच वाढलेली असते.

नजर बारीक झाली ती पुन्हा गाईजमध्येच. रक्तातले इन्सुलिन मोजण्यासाठी न्यूयॉर्कच्या रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी प्रतिपिंडे आणि किरणोत्सर्गी आयोडीन यांची जी युक्ती काढली, तीच हॅरी कीन आणि क्लुवेराकिस यांनी १९६३ मध्ये लघवीतल्या अल्ब्युमिनला लावली. आता पट्टीला पत्ताही न लागणारी गळती मोजता येऊ लागली. १९६२ साली इंग्लंडच्या बेडफर्ड शहरात मधुमेहाची मोठी पाहणी झाली होती. तीत नव्याने सापडलेल्या मधुमेह्यांची लघवी या रीतीने पाहिली, तर त्यांचे अल्ब्युमिन इतरांपेक्षा जास्त निघाले.

पण जास्त म्हणजे वाईट का? याचे उत्तर द्यायला चिकाटी लागते, आणि या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग बहुधा तोच. १९६६-६७ मध्ये गाईजच्या इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांची रात्रभराची लघवी मोजून ठेवली होती. चौदा वर्षांनी जानकार्लो विबेर्ती, कीन आणि सहकाऱ्यांनी त्यांतल्या ६३ जणांना पुन्हा गाठले. सुरुवातीला मिनिटाला ३० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त अल्ब्युमिन जाणारे आठ जण होते. त्यांतल्या सात जणांची लघवी आता पट्टीलाही कळेल इतकी बिघडली होती. उरलेल्या ५५ जणांत असे फक्त दोन. १९८२ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. आकडा लहान, पण फरक डोळ्यांत भरणारा. दोन वर्षांनी डेन्मार्कच्या ऑर्हूसमधून कार्ल एरिक मॉगेन्सनने प्रौढपणी मधुमेह झालेल्यांबद्दल तेच सांगितले, आणि वर अशा रुग्णांना लवकर मृत्यूचाही धोका असल्याचे दाखवले. अल्ब्युमिन केवळ मूत्रपिंडाची नव्हे, सगळ्या रक्तवाहिन्यांची बातमी देत होते.

नुसत्या बातमीने रुग्ण वाचत नाही. रक्तदाब उतरवला की मूत्रपिंडाची घसरण मंदावते, हे मॉगेन्सनने आधीच दाखवले होते. १९९३ मध्ये कॅप्टोप्रिल या रक्तदाबाच्या औषधाची मोठी चाचणी पुरी झाली. ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषावरील संशोधनातून आलेले हे औषध. मूत्रपिंड मंदावले की क्रिएटिनिन हे टाकाऊ द्रव्य रक्तात साचते; ४०९ रुग्णांच्या या चाचणीत ते दुप्पट होण्याचा धोका ४८ टक्क्यांनी कमी झाला. २००१ मध्ये लोसार्टन आणि इर्बेसार्टनने, २०१९ मध्ये कॅनाग्लिफ्लोझिनने ही यादी वाढवली. लघवीच्या तपासणीला खरी किंमत आली ती या औषधांमुळे.

मात्र अल्ब्युमिन सर्वज्ञ नाही. बॉस्टनच्या जॉस्लिन केंद्राने २००३ मध्ये दाखवले की, पहिल्या प्रकारच्या मधुमेहात ही सुरुवातीची गळती निम्म्याहून अधिक जणांत पुन्हा कमी होते. उलट, अल्ब्युमिन न वाढताच मूत्रपिंड मंदावलेले रुग्णही पुष्कळ सापडले. म्हणून याहून आधी बोलणाऱ्या खुणांचा शोध सुरू झाला. मूत्रनलिकांना इजा झाली की वाढणारी एनगॅल आणि किम-१ ही प्रथिने त्यांपैकीच. युरोपात तर लघवीतल्या २७३ प्रथिनतुकड्यांचा एकत्र नमुना वाचणारी परीक्षा तयार झाली. १,७७५ जणांवरच्या चाचणीचा निष्कर्ष २०२० मध्ये आला: परीक्षेने धोक्यातली माणसे नेमकी हेरली, पण त्यांना दिलेल्या स्पायरोनोलॅक्टोन या औषधाने गळती रोखली नाही. भविष्य अचूक निघाले, उपाय हुकला. त्यामुळे रोजच्या दवाखान्यात आजही राज्य अल्ब्युमिनचेच आहे, आणि ते रास्तच आहे.

आता रात्रभर लघवी साठवावी लागत नाही. एका नमुन्यात अल्ब्युमिनचे क्रिएटिनिनशी प्रमाण काढतात. ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठीक. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग किंवा जोरदार व्यायामानेही आकडा वर जातो, म्हणून एका अहवालावर निकाल लावत नाहीत, तपासणी पुन्हा करतात. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान होताच आणि पहिल्या प्रकारात पाच वर्षांनंतर, दरवर्षी ही तपासणी करावी असा संकेत आहे. नेहमीच्या लघवी तपासणीत 'अल्ब्युमिन: निल' असे छापून आले म्हणून मधुमेह्याने निर्धास्त होऊ नये, ते बहुधा पट्टीचे मत असते. पुढच्या वेळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण लिहिलेले आहे का ते पाहावे, आणि नसेल तर विचारावे.