मास्टर्स आणि ऑगस्टाचे मैदान

व्यावसायिक गोल्फच्या चार प्रमुख स्पर्धांपैकी तीन स्पर्धांची मैदाने बदलत राहतात. मास्टर्स मात्र दरवर्षी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, ऑगस्टा नॅशनल क्लबच्या मैदानावरच होते. त्यामुळे स्पर्धेची कुळकथा सांगायची तर मैदानापासूनच सुरुवात करावी लागते.

ही जागा म्हणजे बर्कमन्स या बेल्जियन घराण्याची जुनी रोपवाटिका. 1930 साली ब्रिटन आणि अमेरिकेतल्या तेव्हाच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकून वयाच्या 28व्या वर्षी निवृत्त झालेल्या बॉबी जोन्स यांनी क्लिफर्ड रॉबर्ट्स यांच्या साथीने 1931 मध्ये ती मिळवली. रोपवाटिकेची खूण आजही टिकून आहे. मैदानाच्या प्रत्येक टप्प्याला, म्हणजे होलला, एखाद्या झाडाचे किंवा फुलझाडाचे नाव आहे.

आराखड्यासाठी जोन्स यांनी डॉ. अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी यांना निवडले. बोअर युद्धात डॉक्टर म्हणून काम करताना मॅकेन्झींनी बोअर सैनिकांचे खंदक जमिनीशी कसे एकजीव होतात ते पाहिले होते. मैदान आखताना ती दृष्टी त्यांना उपयोगी पडली. दोघांचाही आदर्श होता स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूजचे जुने मैदान. सामान्य खेळाडूला खेळ पूर्ण करता यावा आणि निष्णात खेळाडूची मात्र बुद्धी पणाला लागावी, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून वाळूचे बंकर त्यांनी जेमतेम 22 ठेवले आणि खरी परीक्षा उतारांवर सोपवली.

तेरावा होल पाहिला की ही कल्पना नीट उमगते. फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचा मुख्य पट्टा, डावीकडे वळतो आणि त्या कडेने ओढा वाहतो. ओढ्याला लगटून चेंडू टाकणाऱ्याला पुढे सपाट जागा आणि जवळचा रस्ता मिळतो. उजवीकडे सुरक्षित राहणाऱ्याला उतारावर उभे राहावे लागते आणि चेंडू पायांपेक्षा उंचावर असतो. अशा जागेवरून फटका डावीकडे ओढला जातो, आणि ग्रीनसमोर, म्हणजे शेवटच्या खळगीभोवतीच्या हिरवळीसमोर, पुन्हा ओढा आहेच. गोल्फमध्ये याहून सुंदर आखणी क्वचितच सापडेल.

पहिली स्पर्धा मार्च 1934 मध्ये झाली आणि हॉर्टन स्मिथ जिंकले. मॅकेन्झी जानेवारीतच वारले होते. ठरलेले मानधनही त्यांना पूर्ण मिळाले नव्हते. पुढच्या वर्षी पहिल्या आणि शेवटच्या नऊ होल्सची अदलाबदल झाली. या एका निर्णयाने स्पर्धेचा रंगच पालटला, कारण ओढ्याकाठचे अवघड होल आता निर्णायक टप्प्यावर आले. त्याच वर्षी जीन साराझेन यांनी पंधराव्या होलवर दुसऱ्याच फटक्यात चेंडू थेट खळगीत घालून आघाडीवरच्या खेळाडूशी बरोबरी साधली आणि जादा फेरीत विजेतेपद मिळवले. स्पर्धा देशभर गाजली. ‘मास्टर्स’ हे नाव अधिकृत झाले 1939 मध्ये. विजेत्याला हिरवा कोट देण्याची प्रथा 1949 पासूनची.

या वैभवाला एक लाजिरवाणी बाजूही आहे. कृष्णवर्णीय खेळाडूला, ली एल्डर यांना, स्पर्धेत प्रवेश मिळायला 1975 साल उजाडावे लागले आणि महिलांना क्लबचे सदस्यत्व 2012 मध्ये मिळाले.

मैदानही मूळचे राहिलेले नाही. सोळावा होल 1947 मध्ये नव्याने आखला गेला. 1997 मध्ये टायगर वुड्स 12 फटक्यांच्या फरकाने जिंकले. त्यानंतर बहुतेक होल टप्प्याटप्प्याने लांबवण्यात आले. तेराव्यासाठी क्लबने शेजारची जमीन विकत घेतली आणि 2023 मध्ये तो 35 यार्डांनी वाढवून 545 यार्डांचा केला.