दुर्गाबाई खोटे : दुय्यम भूमिकेचे मोठेपण

सासरची सुबत्ता ओसरल्यावर उपजीविकेसाठी दुर्गाबाई खोटे (१९०५–१९९१) यांनी १९३१ साली चित्रपटात पाऊल टाकले. कुलीन स्त्रीने तोंडाला रंग लावणे तेव्हा लांच्छन मानले जाई. 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा'तील (१९३२) तारामतीने ते लांच्छन पुष्कळसे धुऊन काढले. पुढे नायिकापद सरले, तरी बाई खंतावल्या नाहीत. रंगभूमीवर त्यांनी 'भाऊबंदकी'तील आनंदीबाई उभी केली. पडद्यावर आईची भूमिका कधी कमी लेखली नाही. 'मुघल-ए-आझम'मधील (१९६०) त्यांची जोधाबाई उर्दू बोलते. उर्दूच्या शेजारात मराठी जपणाऱ्या आम्हा काचीगुडावासीयांना त्या साधनेचे मोल वेगळे सांगावयास नको. 'बिदाई'तील (१९७४) आईने त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळवून दिले. पुढे १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कारही लाभला. विद्यार्थिनींनी त्यांचे 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र अवश्य वाचावे.