घाटातली चाल

आषाढीला पायी जायचे आणि परतताना गाडीने यायचे, ही आपल्या मावळातल्या वारकऱ्यांची जुनी रीत. जाताना देहूपासून पंधरवड्याहून अधिक दिवस. येताना कुर्डुवाडीला गाडी बदलली की पुणे, पुढे तळेगाव, वडगाव, कामशेत, मळवली. म्हणून या ग्रंथात रेल्वेलाही जागा द्यावी असे आम्हांस वाटले.

पुणे-खंडाळा गाडी १८५८ साली सुरू झाली. घाट बाकी होता. मुंबईचा माणूस खोपोलीला उतरायचा, तट्टावर नाहीतर पालखीत बसून घाट चढायचा (ही पालखी माणसे वाहणारी, आपली नव्हे) आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचा. १८६३ मध्ये घाटही जोडला गेला. सोळा मैलांत १८३१ फूट चढ, बोगदे २५. कामावर एका वेळी चाळीस हजारांवर माणसे होती. पटकीने, तापाने किती गेली! कंत्राटदार ट्रेडवेल साहेब इथेच वारला, त्याच्या बाईने, ॲलिसने, काम पुढे नेले. तिचे नाव पुस्तकांत आहे, पाटी वाहणाऱ्यांचे नाही. घाटाची वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराला मात्र लोकांनी देव केले, घाटात त्याचे देऊळ आहे.

आपली दिंडी निघाली तेव्हा घाटात एका ठिकाणी इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे आणि गाडी उलट्या तोंडाने पुढे निघे. १९२९ साली नवा मार्ग झाला आणि तो खटाटोप संपला. चढताना ताकद कमी पडली तर मागून जादा इंजिने ढकलतात. खरी धास्ती उतरण्याची. तीव्र जागी ३७ फुटांना एक फूट उतार, मागे शेकडो माणसांचे वजन! म्हणून ब्रेक तपासल्याशिवाय गाडी खाली सोडत नाहीत, वेगही बांधून दिलेला. शिवाय उतारावर मुख्य रुळातून फुटून वर चढणारी आडवाट ठेवली. काटा मुळातच तिकडे लावलेला. गाडी आधी थांबायची, ताब्यात आहे हे पटले की मगच काटा फिरायचा. ब्रेक गेलाच तर गाडी त्या चढावर जाऊन जिरायची.

१९३० साली दख्खनची राणी पावणेतीन तासांत पुण्याला येई, आता सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. ‘गाडी म्हातारी झाली,’ म्हणतात लोक. बाकीच्या वेळेचा हिशेब कुणी जरूर मागावा. घाटातल्या मिनिटांवर रागावू नये.

आणि लोकल? १९७८ पासून ती पुणे-लोणावळा धावते. ६४ किलोमीटरला सव्वा-दीड तास. इथे घाट नाही, वेळ जातो तो थांब्यांत. बेगडेवाडी, घोरावाडी, कान्हे असले थांबे गाळले तर गाडी लवकर पोचेल, असे म्हणणारे भेटतात. ते बहुधा लोणावळ्याला फिरायला निघालेले असतात. कान्ह्याच्या भाजीवालीने डोक्यावर पाटी घेऊन कामशेतला चालत जायचे काय? पंढरीहून परतलेल्या आपल्या म्हाताऱ्या माणसांनी तरी कुठे उतरायचे? आमच्या मते ती दोन मिनिटे गावांच्या हक्काची आहेत.