किनारा दिसत नसताना : समुद्रावरील प्रथमोपचार या विषयाची प्रस्तावना

मौद्यातल्या वाचकाने समुद्रावरच्या प्रथमोपचाराचा अभ्यास कशासाठी करावा, हा प्रश्न रास्त आहे. मुंबईचा किनारा इथून शेकडो किलोमीटर लांब. पाणी म्हणाल तर कन्हान नदी, आणि तीही उन्हाळ्यात पाण्यापेक्षा वाळूच जास्त दाखवणारी. पण गावाशेजारी एनटीपीसीचे २,३२० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र उभे आहे. अशा केंद्रांच्या उभारणीत आणि शटडाऊनच्या कामांत हात बसलेले फिटर, वेल्डर, रिगर एका जागी कधी राहत नाहीत. ठेकेदार नेईल तिकडे जातात. आज बॉयलर, उद्या रिफायनरी, परवा मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रावरचा एखादा प्लॅटफॉर्म. काम तेच असते, वेल्डिंगची ठिणगीही तीच. दवाखान्याचे अंतर मात्र बदललेले असते, आणि या विषयाचा उगम त्या अंतरात आहे.

मौद्यात कोणी मचाणावरून पडला तर १०८ ला फोन लावता येतो. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, आणि नागपूरचे मोठे दवाखाने महामार्गाने तासाभराच्या आत गाठता येतात. प्रथमोपचार करणाऱ्याला सांभाळायची असतात ती फार तर मधली काही मिनिटे. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या तेलविहीर खोदणाऱ्या रिगला जिथे तेल सापडले ते मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत आहे. तिथून रुग्णाला आणायचे ते हेलिकॉप्टरने, आणि पावसाळ्यात हेलिकॉप्टर उडेलच असे नाही. मिनिटांचे तास होतात, कधी अख्खी रात्र जाते. पेटीतली सामग्री बहुतेक तीच असली, तरी तेवढा वेळ माणूस धरून ठेवणे हे वेगळ्या जातीचे काम आहे. म्हणून जमिनीवरच्या पुस्तकाला पोहण्याचा एक धडा जोडून हा विषय तयार होत नाही.

माझ्या मते या विद्येचा गाभा एका प्रश्नात आहे : रुग्णाला हलवायचे की नाही, हलवायचे तर केव्हा आणि कशाने? पट्टी कशी बांधायची हे दोन दिवसांत शिकवता येते. हा प्रश्न शिकवायला जन्म पुरत नाही. त्याचा सर्वांत कठोर धडा आपल्याच समुद्रात लिहिला गेला आहे.

तारीख २७ जुलै २००५. आदल्या दिवशीच्या प्रलयी पावसाने मुंबई बुडालेली. मुंबई हाय नॉर्थजवळ ‘समुद्र सुरक्षा’ नावाचे बहुउद्देशीय जहाज काम करत होते. त्यावरच्या एका स्वयंपाक्याची बोटे कापली गेली. हवा खराब, हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हते. तेव्हा जखमीला क्रेनच्या टोपलीने शेजारच्या बीएचएन प्लॅटफॉर्मवर पोचवायचे ठरले, आणि जहाज प्लॅटफॉर्मच्या जवळ आणण्यात आले. समुद्र उसळत होता. या खटपटीत जहाजाचा हेलिडेक प्लॅटफॉर्मच्या रायझरवर, म्हणजे वायूच्या उभ्या नळीवर आदळला. वायू सुटला, पेटला आणि दोनेक तासांत सबंध प्लॅटफॉर्म नाहीसा झाला. २२ माणसे गेली, ३६२ वाचवण्यात आली. जहाजावरच्या दाबकक्षात सहा पाणबुडे होते. समुद्रतळाच्या दाबाला सरावलेले त्यांचे शरीर एकदम बाहेर काढता येत नाही. जहाज सोडून सगळे गेले तेव्हा ते आत अडकले. सुमारे दीड दिवसाने त्यांची जिवंत सुटका झाली.

कागदावर ही औद्योगिक दुर्घटना आहे. तिची चर्चा होते ती रायझरच्या संरक्षणाची आणि जहाजाच्या यंत्रणेची, आणि ती व्हायलाच हवी. पण दुर्घटनेचे पहिले पाऊल एका जखमेच्या उपचारासाठी उचललेले होते, याकडे प्रथमोपचाराच्या शिक्षकांनी पुरेसे पाहिलेले नाही. किनाऱ्यावर बसून त्या दिवशीच्या माणसांना शहाणपण शिकवणे सोपे आहे, आणि तसे करण्याची माझी इच्छा नाही. प्रश्न पुढच्या माणसाच्या हाती द्यायचा आहे, इतकेच.

तुटलेल्या बोटाचेच पाहा. रक्त भरपूर वाहते, माणूस घाबरतो, पाहणारे त्याहून जास्त घाबरतात. पण थेट दाब देऊन, हात उंच धरून हे रक्त बहुतेक वेळा थांबते. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळावा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बर्फ थेट लावला तर ऊती जळतात. बोटात स्नायू नसतात, त्यामुळे नीट थंड ठेवलेले बोट बारा तासांनीही जोडता येण्याची शक्यता राहते. मांडीपासून तुटलेल्या पायाला ही सवड नाही. हे ज्याला ठाऊक आहे तो रेडिओवर ठामपणे सांगू शकतो की, माणूस स्थिर आहे, हवा निवळेपर्यंत थांबता येईल. ज्याला ठाऊक नाही तो घाई करणार, आणि समुद्रावर घाईची किंमत अनेकांना द्यावी लागू शकते. उलटही खरे आहे. छातीत कळ येऊन घामाने भिजलेला माणूस ‘गॅस झाला असेल’ म्हणून बंकवर निजवून ठेवणे ही चूक, आणि ती बोटाच्या घाईपेक्षा अधिक वेळा घडते असे मला वाटते.

म्हणून या शाखेत सांगण्याच्या कलेला उपचाराइतकेच महत्त्व आहे. रोममध्ये १९३५ साली जहाजांना रेडिओवरून वैद्यकीय सल्ला देणारे केंद्र सुरू झाले, तेव्हापासून एक गोष्ट बदललेली नाही : दूरच्या डॉक्टरचे डोळे आणि बोटे म्हणजे रुग्णाजवळ बसलेला माणूस. ‘पेशंट सिरियस आहे’ या वाक्यातून डॉक्टरला काहीच कळत नाही. किती वाजता काय झाले, हाक मारल्यावर ओ देतो का, मिनिटाला श्वास किती, नाडी किती, रक्त कुठून आणि थांबले का, आपण काय केले आणि त्याने काय फरक पडला, हे सांगावे लागते. दर दहा मिनिटांनी पुन्हा मोजून लिहावे लागते. रक्त थांबवणारा पट्टा, म्हणजे टर्निके, आवळला असेल तर त्याची वेळ ठळक लिहावी, कारण दोन तासांपलीकडे धोका वाढत जातो. ही शिस्त वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये लॉगबुक भरणाऱ्याला मुद्दाम शिकवावी लागत नाही. परमिटशिवाय पाना न उचलणारा माणूस इथे आधीच अर्धा तयार असतो.

विजेचे आणि या विद्येचे नाते याहून जुने आहे. छाती दाबून हृदय चालू ठेवण्याची जी पद्धत आज जगभर शिकवली जाते, तिच्या शोधकर्त्यांतला एक, विल्यम कौवेनहोवन, हा डॉक्टर नव्हता. तो विद्युत अभियंता होता. शॉक लागून मरणाऱ्या लाइनमनांची चिंता अमेरिकेतल्या वीजकंपन्यांना होती, आणि त्यांच्या पैशावर जॉन्स हॉपकिन्समध्ये त्याचे संशोधन सुरू झाले. पुढे प्रयोगशाळेत गाय निकरबॉकर या तरुण सहकाऱ्याच्या लक्षात आले की डिफिब्रिलेटरचे जड पॅडल कुत्र्याच्या छातीवर दाबताच, विजेचा झटका देण्याआधीच, रक्तदाब किंचित चढतो. जेम्स ज्यूड या शल्यविशारदासह तिघांनी १९६० मध्ये निबंध प्रसिद्ध केला. औष्णिक केंद्राच्या सावलीत हे वाचणाऱ्याला विषय परका वाटू नये.

समुद्र मात्र काही नियम बदलतो. बुडालेल्याचे हृदय थांबते ते प्राणवायू संपल्यामुळे, म्हणून तिथे नुसती छाती दाबून भागत नाही. आधी तोंडाने श्वास द्यावे लागतात. पोट दाबून पाणी काढण्याची आपल्याकडची धडपड वेळ घालवते आणि उलटी फुप्फुसात ढकलते. बराच वेळ पाण्यात राहिलेल्याला शक्यतो आडवे उचलावे. पायांभोवतीचा पाण्याचा दाब सुटताच रक्त खाली उतरते आणि वाचलेला माणूस दोरीवर उभा लटकतानाच कोसळतो. अरबी समुद्र कोमट आहे खरा, पण तोही शरीरापेक्षा थंडच असतो. १७ मे २०२१ च्या तौक्ते वादळात नांगर सुटलेल्या पी-३०५ तराफ्यावर २६१ माणसे होती, त्यांपैकी १८६ वाचली. त्यांतल्या कित्येकांनी रात्र लाटांत काढली होती. अशा माणसाला बाहेर काढल्यावर चोळायचे नाही, चालवायचे नाही. कोरडे करून गुंडाळायचे आणि निजवून ठेवायचे.

वायूचा धडा विदर्भातल्या वाचकाने घरूनच आणलेला असतो. विहिरीत मोटर दुरुस्त करायला उतरलेला गडी खाली पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, मग शेजारी. हायड्रोजन सल्फाइड असलेल्या तेलविहिरींवर समुद्रातही हेच घडते. हा वायू हवेपेक्षा जड असतो, आणि प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. सडक्या अंड्याचा वास ‘गेला’ म्हणून निर्धास्त झालेला माणूस सर्वाधिक धोक्यात असतो. श्वसनयंत्र चढवल्याशिवाय मित्राकडेही धावायचे नाही. ऐकायला निर्दय वाटणारी ही शिस्त अंगात मुरवण्यासाठीच सराव असतो. भाजलेल्यावर टूथपेस्ट, मिरगीचा झटका आलेल्याला चप्पल हुंगवणे हेही सामान गावाकडून प्लॅटफॉर्मवर पोचते. त्याची थट्टा करून ते सुटत नाही. भाजलेल्या हातावर वीस मिनिटे वाहते पाणी सोडून वेदना उतरताना एकदा पाहिली, की पेस्टची ट्यूब आपोआप बाजूला पडते.

नियमांची बाजू थोडक्यात. भारताच्या समुद्रातील तेलकामांच्या सुरक्षेसाठी २००८ मध्ये नियम करण्यात आले. ओएनजीसीची सुरक्षा प्रशिक्षण संस्था गोव्यात बेतुल येथे आहे. पाण्यात उलटलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडण्याचा सराव हा आता अशा प्रशिक्षणाचा ओळखीचा भाग झाला आहे. पोहता न येणाऱ्यालाही तो करता येतो, आणि भीती वाटते म्हणून टाळण्यासारखा तो नाही.

एका गोष्टीत प्रचलित व्यवस्थेशी माझे पटत नाही. अनेक ठिकाणी शिफ्टमध्ये एक प्रशिक्षित माणूस असला की रकाना भरला असे मानतात. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबायची म्हणजे दोन मिनिटांत धडधाकट माणसाचाही जोर ओसरतो आणि माणूस बदलावा लागतो. तिसऱ्याने रेडिओ धरायचा, चौथ्याने ऑक्सिजन आणायचा. आणि जखमी झालेला माणूस तो एकुलता प्रशिक्षितच निघाला तर? स्वयंपाकी, पेंटर, क्रेनचालक, कालच टोपलीतून उतरलेला नवा हेल्पर या सगळ्यांना धरूनच पुढचे धडे योजले पाहिजेत, आणि पहिला सराव गणवेशातल्या सेफ्टी ऑफिसरऐवजी त्या नव्या हेल्परच्या हातून करवून घ्यावा.